आमच्या बँकेच्या अर्जाचा भाग ब

१२ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली. बँकेच्या संस्थापकाची दैनंदिनी पुढे लोकांना लागते, तेव्हा शोधाशोध नको.

आधी पार्श्वभूमी. गावातली एकुलती एक बँक गेल्या वर्षी शाखा बंद करून निघून गेली. दारावर चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे: 'आपली सेवा करताना आम्हाला आनंद झाला.' तेव्हापासून बँकेचं काम निघालं की बसने शेजारच्या शहरात जावं लागतं. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणतं, त्यांना एकदा पेन्शन काढायला जाताना त्या बसमध्ये चक्कर आली. कंडक्टरने त्यांना आमच्याच दुकानापाशी उतरवलं. हिने त्यांना पाणी दिलं, आणि मी चष्म्यांच्या काउंटरमागे उभा राहून जाहीर केलं की आपली बँक आता आपणच काढायची. त्या वेळी दुकानात डोळे तपासायला आलेले दातांचे डॉक्टरही होते. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे त्यांना उठून जाता आलं नाही. ते पहिले संचालक झाले.

दुसऱ्या संचालक बाई. तिसरा माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, ज्याचं मोटार शिकवायचं दुकान आहे. चौथी ही. पाच जण लागतात म्हणून हिला घेतलं. अध्यक्ष कोण हा प्रश्न निघाला नाही, कारण मी तो निघू दिला नाही.

परवाना मंडळाच्या अर्जाचे दोन भाग असतात. भाग अ सार्वजनिक. तो मंडळ आपल्या सार्वजनिक नोंदीत, म्हणजे संगणकावर, साऱ्या जगासाठी लावतं. कोणीही वाचावा आणि हरकत असेल तर घ्यावी. त्यात गावाची लोकसंख्या, बँकेचा पत्ता, कामाची वेळ असला रूक्ष मजकूर. मी चार पानांत उरकला. भाग ब मात्र गोपनीय. त्यात अध्यक्षाने प्रत्येक संचालकाचा स्वभाव, सवयी, गुण-दोष 'निःसंकोचपणे' लिहायचे. मंडळच तसं म्हणतंय म्हटल्यावर मी कशाला संकोच करू? एक्क्याऐंशी पानं झाली. लिहिताना इतका हलका झालो की जेवायचं भान राहिलं नाही.

मंडळाने दोन फोल्डर पाठवले होते. एक पांढरा, चांगला जाडजूड. दुसरा पिवळा, अगदीच किरकोळ. विचार करणारी माणसं आहेत. गोपनीय भाग मोठा होणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. एक्क्याऐंशी पानं जाड्या पांढऱ्यात नेमकी बसली, चार पानं पिवळ्यात.

ही म्हणाली, "अहो, फोल्डरवर खाली बारीक अक्षरात काहीतरी छापलंय. वाचा तरी."

"बारीक अक्षरं मी दिवसभर लोकांकडून वाचून घेतो," मी म्हटलं, "घरी मला सुट्टी असू दे."

अर्ज पोस्टात टाकला.

३ मार्च

मंडळाचं पत्र. आपला सार्वजनिक भाग नोंदीत लागला आहे, महिनाभर हरकती मागवल्या आहेत. या मुदतीत एकाही संचालकाने राजीनामा दिला तर अर्ज निकाली निघेल आणि पुढची पाच वर्षं नव्याने करता येणार नाही. राजीनामा कोण देतो? माणसं मी पारखून घेतली आहेत.

नोंदीचा पत्ता छापलेली कार्डं करून काउंटरवर ठेवली. प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्यासोबत एक. 'आवर्जून वाचा आणि इतरांनाही सांगा.' मी स्वतः वाचणार नाही. आपलंच लिखाण पुन्हा वाचत बसणं मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय घरातला संगणक हीच चालवते.

५ मार्च

लोकांनी वाचलेलं दिसतंय. आज दुकानात नेहमीपेक्षा दुप्पट माणसं आली. निम्म्यांना चष्मा नकोच होता, नुसतं माझ्याकडे बघायला आली होती. न्हावी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हिंमत लागते हो!" मी म्हटलं, गावासाठी कोणीतरी करायलाच हवं होतं. तो म्हणाला, "तेच ना. आम्ही सगळे इतकी वर्षं मूग गिळून बसलो होतो."

चार पानांच्या रूक्ष मजकुराला एवढी दाद! माझ्या लेखणीत काहीतरी असणार.

६ मार्च

मुलीचा फोन. तिने तिकडे तिच्या शहरात बसून वाचलं.

"बाबा, तुम्ही हे शुद्धीत असताना लिहिलंत ना?"

"पहाटे उठून, ताज्या डोक्याने."

"आणि आईबद्दलचं? ते खरं आहे?"

भाग अ मध्ये हिचं नाव आणि जन्मतारीख आहे. जन्मतारखेबद्दल तिला शंका असावी. मी म्हटलं, "अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि ते मी कुठेही सांगायला तयार आहे." मग मुलगी नाक ओढत म्हणाली, "बाबा, तुम्ही ना..." आणि फोन ठेवला. तिला सर्दी झालेली दिसते.

८ मार्च

सकाळी दार उघडलं तर पायरीवर शिडी. आमची शिडी! मुलगी शाळेत होती तेव्हा मेहुण्याने नेली होती, तिची आशा मी केव्हाच सोडली होती. चिठ्ठी नाही, काही नाही.

९ मार्च

पायरीवर ड्रिल मशीन आणि दोन घडीच्या खुर्च्या.

१० मार्च

छत्री, इस्त्री आणि एक मोठं पातेलं. पातेलं आमचं नाही, पण ते परत करायला मेहुणा घरी सापडत नाही. त्याची तब्येत बरी नसावी. हिला म्हटलं, तुझ्या भावाला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. ही पदर तोंडावर धरून आत गेली. भावाची काळजी तिलाही असणारच.

१३ मार्च

दाढ ठणकत होती म्हणून डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात शिरताच आनंद झाला. भिंतीवर ठळक अक्षरात दरपत्रक! गेली कित्येक वर्षं डॉक्टर दात आधी काढतात आणि आकडा नंतर सांगतात, माणूस तोंडात कापूस असल्यामुळे हुज्जत घालू शकत नाही. बँक यायच्या आधीच गावात व्यवहाराला शिस्त लागते आहे. मी डॉक्टरांचं मनापासून अभिनंदन केलं. त्यांनी इंजेक्शन असं दिलं की मला थेट माझी आजी आठवली. दाढ काढून झाल्यावर म्हणाले, "शुल्क भिंतीवर आहे. आधीपासून."

१५ मार्च

संचालकांची सभा. मेहुणा आला नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. बाई एरवी सभेत छान डुलकी काढतात, आज मात्र डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत बसल्या. पापणी हलेना. मी व्यवसायाने डोळ्यांचा माणूस, मला कोरडेपणाची काळजी वाटली. सभेनंतर थेंबांची बाटली पुढे केली तर म्हणाल्या, "ठेव ती. तुझं भाषण ऐकताना मला झोप लागत नाही, बरं का. मी डोळे मिटते, कारण बघवत नाही."

वयाप्रमाणे चिडचिड होते. मी मनावर घेतलं नाही.

१७ मार्च

ही हल्ली सारखी बाहेर असते. परवा केकचा डबा घेऊन भावाकडे गेली. काल संध्याकाळी बाईंकडे बसली होती. मी इथे बँक उभी करतोय, आणि हिला गप्पा सुचतायत. बोललो तसं. ती म्हणाली, "तुम्ही उभी करा हो. मी ती पडत नाहीये ना ते बघून येते." हिचं बोलणं कधीकधी मला कळत नाही.

१९ मार्च

डॉक्टर दुकानात आले. हातात पाकीट. चेहरा कडक. माझ्याकडे ते पाकीट देणार, एवढ्यात ही मागच्या खोलीतून आली. "डॉक्टर, आधी इकडे बसा. तुमचा नंबर वाढलेला दिसतोय." त्यांना खुर्चीत बसवलं, अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावला आणि दार लोटून घेतलं. आतून बराच वेळ हिचा आवाज येत होता. अक्षरं वाचायचा आवाज तो नव्हे. एकदा 'बाईंना त्या बसमध्ये' एवढं ऐकू आलं. नंतर चक्क डॉक्टरांचं हसणं.

बाहेर आले तेव्हा पाकीट खिशात गेलेलं होतं. मला म्हणाले, "तुमच्या घरात अक्कल कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत आहे, एवढी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे." मी म्हटलं, धन्यवाद.

पाकिटात देणगी असावी. हिने ती का घेऊ दिली नाही कळत नाही. बँकेच्या कामात भिडस्तपणा चालत नाही.

२२ मार्च

आज दुकानात पोचलो तर ही माझ्या खुर्चीत बसलेली. मी नुसता उभा राहिलो. ती उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"कसं?"

तिने काउंटरवरची कार्डं सारखी केली. मग "काही नाही" म्हणून उठली. दिवसभर काहीतरी गुणगुणत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात गुणगुणायची तसं. दुपारी मला न मागता दुसरा चहा आला. बँकेचं टेन्शन तिला आलेलं आहे, दुसरं काय असणार.

२९ मार्च

मंडळाचं पत्र. आमच्या अर्जावर जाहीर सुनावणी घेणार. कारण म्हणे 'सार्वजनिक भागाला मिळालेला अभूतपूर्व प्रतिसाद'. तपासणी अधिकारी स्वतः येणार. मला सांगायला संकोच वाटत नाही की पत्र वाचून मी हुरळून गेलो. नवा कोट शिवायला टाकला.

६ एप्रिल

रात्र बरीच झालीय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत डॉक्टर, बाई आणि बरेच दिवसांनी दिसलेला मेहुणा. ही माझ्या शेजारी. अधिकारी म्हणजे एक सुकलेला, सभ्य गृहस्थ. समोर आमचा पांढरा फोल्डर. मी मनात म्हटलं, गोपनीय भाग लोकांसमोर टेबलावर? जपून ठेवायला हवा होता.

त्यांनी तो उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पान तेवीस. 'मेहुणा मनाने सोन्यासारखा आहे, पण त्याच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही. उदाहरणार्थ शिडी.' हे आपण लिहिलंत?"

मी ताडकन उठलो. "हे गोपनीय आहे! मंडळातून ही माहिती फुटलीच कशी? मी चौकशीची मागणी करतो!"

सभागृहात हशा पिकला. अधिकाऱ्यांनी फोल्डर मिटला, माझ्याकडे फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एवढं वाचा."

माझा चष्मा नव्या कोटाच्या नादात जुन्या कोटात राहिला होता. मी डोळे बारीक केले. काही लागेना. गावातल्या प्रत्येक माणसाचे डोळे तपासलेला मी, त्या प्रत्येक माणसासमोर पुटपुटत उभा. हिने आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला. आमचा नंबर जवळपास सारखाच आहे.

'पांढरा फोल्डर: सार्वजनिक भाग. पिवळा फोल्डर: गोपनीय भाग.'

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी सरकते ते आज कळलं. मी विचारलं, "पण तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"सार्वजनिक भागात आम्ही ढवळाढवळ करत नाही," अधिकारी म्हणाले. "पांढरा फोल्डर आला की जसाच्या तसा नोंदीत चढतो, नियम आहे. पिवळा तिजोरीत जातो. तुमच्या गावाची लोकसंख्या आणि बँकेची वेळ सध्या कडेकोट बंदोबस्तात आहे."

मग एकेक गोष्ट डोक्यात येऊन आदळायला लागली. शिडी. इस्त्री. दरपत्रक. ते इंजेक्शन! बाईंचे डोळे. मीच प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात कार्ड दिलं होतं. 'आवर्जून वाचा.'

"संचालकांना काही म्हणायचं आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

डॉक्टर उठले. म्हणाले, मजकूर वाचून मी राजीनामा लिहिला होता, तो अजून खिशात आहे. पण दरपत्रक लावल्यापासून रोगी वाढलेत, हे नाकारता येत नाही. मेहुणा उठून एवढंच म्हणाला, "भाऊजी, पातेलं तुमचं नसेल तर परत द्या. कुणाचं तरी असेल." बाई बसूनच बोलल्या. "पस्तीस वर्षं मी शाळेत मुलांना 'खरं बोल' म्हणून शिकवलं, यालाही. खरं बोलला तेसुद्धा चुकून. पण मला ती बस नको आहे. मी राहणार."

"म्हणजे तुम्हा तिघांना राजीनामा द्यावासा वाटला होता, आणि कोणीच दिला नाही," अधिकारी म्हणाले. "का?"

तिघांनी एकदमच माझ्या शेजारी बघितलं. ही पदराशी चाळा करत होती. केकचा डबा आता मला कळला.

अधिकाऱ्यांनी पुन्हा फोल्डर उघडला. मला पुढचं पान कुठलं ते कळलं.

"पान अठ्ठ्याहत्तर. प्रश्न: अध्यक्षपदासाठी सर्वात योग्य व्यक्ती कोण? उत्तर: 'माझी बायको. दुकान बुडायला आलं होतं तेव्हा ते तिने वाचवलं, आणि मी वाचवलं असं मला वाटू दिलं. गावातल्या माणसांचे डोळे मी तपासतो, पण त्या डोळ्यांत पाणी का आहे ते तिला ठाऊक असतं. तिच्याशिवाय मला एकही गोष्ट धड करता येत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारेल, मग खुर्चीत तुम्ही का? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला खुर्ची आवडते, एवढंच.' असं दीड पान आहे."

कुणी हसलं नाही.

"महाशय," ते हळू आवाजात म्हणाले, "हा मजकूर चुकीच्या फोल्डरमधून आला. तो मागे घ्यायची मुभा आहे. घेतलात तर आपण अध्यक्ष म्हणून अर्ज पुढे जाईल. कायम ठेवलात, तर मला त्याची दखल घ्यावी लागेल."

मी खोटं लिहिणार नाही. मोह झाला. लेटरहेडवर 'अध्यक्ष' छापून कसं दिसेल तेही मी ठरवून ठेवलं होतं. भावनेच्या भरात लिहिलं साहेब, बायकोबद्दल माणूस लिहितो काहीबाही, एवढं म्हटलं की झालं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात हिच्याकडे लक्ष गेलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर, त्यामुळे तिला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, आणि ती मान ताठ करून माझ्या आवाजाची वाट बघत होती. त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून जे विचारलं, ते पुन्हा विचारत होती. मला तिची इतकी माया आली की खुर्ची गेली खड्ड्यात.

"कायम ठेवतो," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर खरं आहे."

घरी येताना विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ते मागे घ्यायला धावला असता."

"धावलो असतोच."

"मग?" ती म्हणाली, आणि माझ्या नव्या कोटाची कॉलर सारखी केली.

४ मे

मंडळाचा निर्णय नोंदीत लागला. हिने संगणक लावून दिला आणि मी चष्मा घालून पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचला. तत्त्वतः मंजुरी. अट एकच: अर्जदाराने स्वतः नोंदवलेल्या मताप्रमाणे अध्यक्ष बदलावा. हरकत कुणाचीही नाही. अभिप्राय मात्र बरेच, त्यातला एक न्हाव्याचा: 'आमच्याबद्दलही लिहावं.'

बाईंनी जुन्या बँकेच्या दारावरचा तो कागद स्वतःच्या हाताने फाडला. मी फक्त शिडी धरली.

९ मे

नव्या अध्यक्षांनी भाग ब नव्याने द्यायचा आहे. संचालकांविषयी, निःसंकोचपणे. संचालकांत आता मीही आलो.

ही जेवणं झाल्यावर टेबलाशी बसली. डॉक्टर झाले, बाई झाल्या, भाऊ झाला. मग तिने नवा कागद घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि डाव्या हाताचा आडोसा केला. मी पाणी प्यायला उठलो. मग खिडकी लावायला. मग उगाचच कॅलेंडर सरळ करायला. दुसरं पान निम्मं भरलं होतं, एवढंच दिसलं.

"काय लिहिलंस?"

"गोपनीय आहे."

तिने कागदांची घडी घातली आणि दोन्ही फोल्डर पुढ्यात ओढले. खालची बारीक अक्षरं तिने बोट ठेवून, मोठ्याने, मला ऐकू जाईल अशी वाचली. मी तिथेच उभा होतो, आणि मनातल्या मनात सारखं म्हणत होतो, चुकू दे, एकदा हिचंही चुकू दे, पांढऱ्यात जाऊ दे.

पिवळ्यातच गेलं.